सणगराच्या मागावर एक घोंगडी: खड्ड्यापासून दशांपर्यंतच्या नोंदी

आमचे घराणे सणगरांचे. धनगराने मेंढ्या राखायच्या आणि लोकर कातरायची, सणगराने तिची घोंगडी विणायची, अशी कामाची वाटणी माणदेशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत आजही सणगर गल्ली सापडते, मात्र त्या गल्लीत माग वाजत असेलच असे नाही. आमच्या गल्लीतला शेवटचा माग माझ्या आजोबांचा होता. ते गेल्यावर सोप्यातला खड्डा बुजवून वर शहाबादी फरशी बसवली गेली आणि मागाची लाकडे माळ्यावर गेली. तोच माग उभा करून, कच्च्या लोकरीपासून एक घोंगडी पूर्ण करायची असे मी यंदा ठरवले. शिकवायला माझे चुलत आजोबा आहेत, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. कातायला त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या आजी. ज्यांना हे काम करून पाहायचे आहे त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून झालेल्या चुकांसह हे लिहीत आहे.

१२ ऑक्टोबर

फरशी उचकटून खड्डा मोकळा केला. खड्डामागात विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि त्याचे पाय खड्ड्यात सोडलेले असतात. पायांखालच्या दोन पावड्या आळीपाळीने दाबल्या की ताण्याचे, म्हणजे उभ्या लावलेल्या सुताचे, निम्मे दोरे वर उचलले जातात आणि निम्मे खाली जातात. आजोबांच्या खड्ड्याची खोली सव्वादोन फूट निघाली. माती पुन्हा ढासळू नये म्हणून मी गवंड्याला सांगून आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला, आणि ही या कामातली पहिली चूक ठरली.

१६ ऑक्टोबर

अण्णा आले, खड्ड्याला हात लावून पाहिला आणि गिलावा फोडायला सांगितला. मातीच्या भिंतीत ओल टिकते आणि ती ओल वर ताणलेल्या सुताला मिळते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत सूत वाळून कडक झाले की तुटते. हे त्यांनी इतक्या सहज सांगितले की आधी विचारले नाही याचे फार वाईट वाटले. गिलावा फोडताना खड्डा आपोआप रुंद झाला. मी आजोबांपेक्षा उंच असल्याने माझे गुडघे कापड गुंडाळायच्या तुराला लागत होते, म्हणून खोलीही सहा इंच वाढवली. नवा खड्डा खणणाऱ्याने आधी त्यात बसून पाहावे आणि मगच खोली ठरवावी. गवंडी, मजुरी आणि फोडण्याचा खर्च मिळून १,८५० रुपये झाले.

माळ्यावरच्या लाकडांपैकी तुर चांगला निघाला, परंतु दोन्ही खुंट वाळवीने पोकळ केले होते. सुताराने बाभळीचे नवे खुंट घडवून दिले, त्याचे ४,२०० रुपये झाले. दोरे अलग ठेवणाऱ्या आणि वीण ठोकून बसवणाऱ्या फणीचे दात मोडलेले होते. सांगोला तालुक्यातल्या एका वृद्ध विणकराने आपल्याकडची जुनी फणी ६५० रुपयांना दिली आणि ती देताना दोन वेळा कपड्याने पुसली.

२ नोव्हेंबर

लोकर मिळायला उशीर झाला, आणि त्यात दोष माझाच. आमच्या भागातले बरेच धनगर दसऱ्यानंतर मेंढरे घेऊन चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात आणि कातरणी त्यापूर्वी उरकतात. मी दिवाळी गाठल्यामुळे ओळखीच्या धनगरांचे तिन्ही वाडे, म्हणजे मेंढरांचे कळप, निघून गेलेले होते. शेवटी शेजारच्या गावात एका शेतकऱ्याने खतासाठी रानात बसवलेला एक कळप सापडला. त्या कळपाच्या धनगरांकडे कातरून ठेवलेली नऊ किलो लोकर होती, ती ४० रुपये किलोने घेतली. गाडीभाड्याला ५४० रुपये गेले, म्हणजे लोकरीपेक्षा भाडेच जास्त झाले.

दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते, आणि एका कातरणीला एका मेंढीपासून ती अर्ध्या किलोच्या आतच निघते. त्या धनगर पाहुण्यांनी सांगितले की लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, म्हणून पुष्कळ जण ती बांधावर टाकून देतात. आता मेंढी पाळली जाते ती मटणासाठी, आणि माडग्याळसारख्या मोठ्या अंगाच्या मेंढीवर लोकर आधीच कमी असते. घोंगडी का महाग झाली आणि का नाहीशी होत आहे, याचे निम्मे उत्तर त्या रानातच मिळाले.

कोकराची पहिली कातरण, जिला जावळ म्हणतात, ती सर्वांत मऊ असते. तशी दीड किलो त्यांनी वेगळी बांधून दिली.

५ नोव्हेंबर

आज दोन किलो लोकर वाया गेली. तिच्यात माती, काटे आणि मेंढीच्या अंगाचा चिकटपणा होता, म्हणून मी ती कढत पाण्यात कपडे धुण्याची पूड टाकून भिजवली आणि हाताने चोळली. अर्ध्या तासात तिचे घट्ट गोळे झाले, जे कशानेही सुटेनात. गरम पाणी, साबण आणि चोळणे हे तिन्ही एकत्र आले की लोकर आपल्यातच गुंतून नमद्यासारखी, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी थरासारखी, होते.

आजींनी सांगितले ते असे, की कातरणीआधी मेंढराला ओढ्यात धुऊन काढायचे असते. कातरल्यानंतर लोकर धुवायची नाही, ती उन्हात पसरून झटकायची आणि पिंजायची. अंगचा चिकटपणा थोडा राहिला तर कातायला उलट सोपे जाते. उरलेली सात किलो तशीच उन्हात घातली.

९ ते १३ नोव्हेंबर

निवडणे आणि पिंजणे. काळी, करडी आणि पांढरी लोकर वेगळी केली. घोंगडीला रंग द्यायचा नाही, मेंढीचाच रंग ठेवायचा, हे आधीच ठरले होते. काळ्या अंगावर दोन्ही टोकांना पांढरे पट्टे येतील एवढी पांढरी लोकर बाजूला काढली. धनुकलीच्या, म्हणजे पिंजायच्या धनुष्याच्या, तातीवर लोकर उडू लागली की माती खाली गळते आणि वर धुरासारखा पुंजका उरतो. पाच दिवसांनी वजन केले तेव्हा सात किलोची साडेचार किलो राहिली होती. जिला एवढी घट ठाऊक नसते ती व्यक्ती लोकर नेहमी कमीच घेते. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे हव्या त्या सुताच्या दुप्पट कच्ची लोकर धरावी, आणि शिकाऊ माणसाने तिप्पट.

१६ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर

कताई. मधले चार दिवस सोडले तर १९ दिवस लागले, आणि बसणारे आम्ही दोघे होतो. चरख्याची चात, म्हणजे सूत गुंडाळणारी सळई, वाकलेली होती. ती सरळ करून चाकावरून तिला फिरवणारी नवी माळ घालायला ३५० रुपये लागले.

हा भाग मी सर्वांत सोपा धरला होता. आजी डाव्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची वळी, धरून तो मागे खेचतात तेव्हा त्यांची नजर सुतावर नसतेच. त्या दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत असतात आणि अंगठा व दोन बोटे यांच्यामधून सूत एकसारखे निघत राहते. पेळूत एखादी जाडसर गाठ आली की बोटे क्षणभर मिटतात, चाक एक वेढा जास्त फिरते आणि गाठ बारीक होऊन पुढे सरकते. माझ्या हातून सूत एके ठिकाणी दोरीएवढे जाड आणि पुढच्याच वितीत केसासारखे बारीक व्हायचे. पहिल्या तीन दिवसांत मी कातलेले सूत आजींनी न बोलता वेगळ्या टोपलीत ठेवले.

चौथ्या दिवशी त्यांनी कारण सांगितले. ताण्याच्या सुताला पीळ जास्त हवा, कारण ते सगळा ताण सोसते आणि आडवे सूत नेणाऱ्या धोट्याच्या प्रत्येक फेकीगणिक फणीत घासले जाते. बाण्याचे, म्हणजे आडवे, सूत सैल असले तरी चालते, उलट त्याने घोंगडी भरदार होते. कसोटी अगदी साधी आहे. हातभर सूत दोन्ही हातांत ताणून धरायचे आणि मग हात जवळ आणायचे: ताण्याचे सूत लगेच स्वतःभोवती वेढे घेते, बाण्याचे सूत नुसते लोंबते. माझे सगळे सूत लोंबत होते. त्यानंतर ताणा पूर्णपणे आजींनी कातावा आणि बाणा मी कातावा असे ठरले, पण वेळ वाचवण्यासाठी मी माझ्या टोपलीतल्या बऱ्यापैकी वाटणाऱ्या लडी ताण्यात मिसळल्या. हे मी त्यांना सांगितले नाही, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

११ डिसेंबर

ताणा मांडला. गल्लीत खुंट्या ठोकून १३ फूट लांबीचा ताणा काढला. एका इंचात १२ दोरे आणि रुंदी ५२ इंच, म्हणजे ६२४ दोरे हवेत. तयार घोंगडी चार फुटांच्या आतच भरते, परंतु धुतल्यावर ती आटते म्हणून मागावर रुंदी जास्त धरतात. मोजदाद तोंडी ठेवल्यामुळे संध्याकाळी ६११ दोरेच भरले. दुसऱ्या दिवशी पन्नास-पन्नास दोऱ्यांना रंगीत चिंधी बांधत पुन्हा मोजले आणि १३ दोरे वाढवले. चिंधी पहिल्याच दिवशी बांधायला हवी होती.

१५ डिसेंबर

खळ बिघडली. ही नोंद सविस्तर लिहितो, कारण घोंगडीचे खरे कसब इथे आहे आणि माझे सर्वांत मोठे नुकसानही इथेच झाले.

हाताने कातलेले लोकरीचे सूत केसाळ असते. ते तसेच मागावर चढवले तर शेजारचे दोरे एकमेकांना चिकटतात, वर-खाली होताना अडकतात आणि तुटतात. म्हणून ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, जिने केस सुताला चिकटून बसतात आणि दोरा गुळगुळीत व बळकट होतो. मी एक किलो चिंचोके रात्रभर भिजवले, सालीसकट वाटले आणि पाण्यात शिजवून ताण्यावर लावले. तीन गोष्टी चुकल्या. साल न काढल्यामुळे खळीत खरखरीत कण राहिले, जे फणीत अडकणार होते. खळ पुरती शिजली नव्हती, त्यामुळे वाळल्यावर ती भुकटी होऊन झडू लागली. तिसरी चूक सर्वांत महागात पडली: सकाळी आभाळ भरून आलेले असतानाही मी काम उरकून घेतले. दुपारपर्यंत ऊन पडलेच नाही, ताणा रात्रभर ओला राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येऊ लागला.

१७ डिसेंबर

अण्णांनी खुंट्यांवरचा ताणा पाहिला आणि तो धुऊन काढण्याशिवाय मार्ग नाही असे सांगितले. थंड पाण्याने न चोळता खळ काढली. ओले दोरे ताणताना जे तुटले ते मोजले तेव्हा १४० भरले, आणि त्यांतले जवळजवळ सगळे माझ्या लडींमधले होते. आजींच्या सुताचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच दोरे गेले. मी ताण्यात काय मिसळले होते ते तेव्हा आजींना सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पेळूंची टोपली जवळ ओढली आणि त्या दिवशीच सूत काढायला बसल्या. तीनशे ग्रॅम सूत पुन्हा कातायला चार दिवस गेले, जे मी वरच्या १९ दिवसांत धरलेले नाहीत.

२४ डिसेंबर

दुसरी खळ जमली. ती अण्णांच्या देखरेखीखाली अशी केली. चिंचोके लोखंडी कढईत वाळूबरोबर भाजले, म्हणजे तपकिरी साल तडकते. मग ते उखळात हलके कांडून साल पाखडून टाकली. आतले पांढरे दाणे एक दिवस आणि एक रात्र भिजवले, पाट्यावर बारीक वाटले आणि भरपूर पाण्यात मंद आचेवर सतत ढवळत शिजवले. खळ झाली हे ओळखायची खूण अशी की पळी उचलल्यावर ती धारेने न पडता चमकदार पडद्यासारखी खाली उतरते, आणि दोन बोटांत धरून बोटे उघडली की बारीक तार सुटते. साल काढल्यावर अर्धा किलो दाणे भरले आणि तेवढे एका ताण्याला पुरले. दोन्ही वेळचे आणि सरावाचे मिळून तीन किलो चिंचोक्यांचे ९० रुपये झाले.

खळ कोमट असताना हाताने ताण्यावर थापली आणि मग मुळांच्या मोठ्या कुंच्याने एकाच दिशेने ओढत गेलो. दिशा बदलली की बसलेले केस पुन्हा उभे राहतात. अण्णा ताण्याच्या एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने, असे तेरा फूट किती वेळा चाललो ते मोजले नाही. दोरे अर्धवट वाळले की त्यांच्यामधून काठ्या सरकवून एकेक दोरा सुटा करावा लागतो. हे काम पूर्ण वाळल्यावर केले तर चिकटलेले दोरे तुटतात आणि फार लवकर केले तर पुन्हा चिकटतात. ऊन कडक होते. दुपारी तीनपर्यंत ताणा वाळला आणि बोटाने छेडल्यावर तारेसारखा वाजला.

२८ ते ३० डिसेंबर

ताणा मागावर चढवला. ६२४ दोरे पावड्यांनी वर-खाली होणाऱ्या गाठींच्या दोन जाळ्यांमधून आळीपाळीने आणि मग फणीच्या दातांमधून ओवले. ३८८ व्या दोऱ्याच्या ठिकाणी मी लागोपाठ दोन दोरे एकाच जाळीत ओवले होते, हे सगळे बांधून झाल्यावर पहिल्या दोन बोटांच्या विणीत उभी रेघ दिसली तेव्हा कळले. पुढचे २३६ दोरे काढून पुन्हा ओवण्यात अख्खा दिवस गेला. दर पन्नास दोऱ्यांनी पावडी दाबून पाहिली असती तर हा दिवस वाचला असता.

२ ते ९ जानेवारी

विणकाम. प्रत्यक्ष सहा दिवस बसलो. पहिल्या दिवशी सात इंच झाले, शेवटच्या दिवशी अडीच फूट. एका इंचात साधारण नऊ वेळा धोटा फेकावा लागतो, म्हणजे दहा फुटांना हजाराच्या वर.

दुसऱ्या दिवशी रुंदी ५२ इंचांवरून ४८ वर आलेली दिसली, कारण मी प्रत्येक फेकीनंतर बाणा ओढून ताणत होतो. कडेचे दोरे आत खेचले गेले की फणी त्यांना घासते. तसे चार दोरे तुटले. उपाय दोन होते आणि दोन्ही केले. बाणा तिरपा, सैल टाकायचा आणि मग फणी ठोकायची. आणि दोन्ही टोकांना टोकदार खिळे असलेली काठी विणलेल्या भागावर आडवी रोवून रुंदी ताणून धरायची, जी दर चार बोटांनी पुढे सरकवावी लागते. आधी विणलेला अरुंद भाग उसवला नाही. तो आजही डाव्या कडेला दिसतो.

ताण्याचा दोर मागच्या खुंटावरून फिरून विणकराच्या हाताजवळच्या खुंटीला बांधलेला असतो. तुरावर कापड गुंडाळताना तो थोडा थोडा सैल करायचा. पाचव्या दिवशी घाईत गाठ सुटली आणि सगळा ताणा एकदम ढिला पडला. दोरे तुटले नाहीत, कारण खळ चांगली बसली होती, परंतु ताण पुन्हा सारखा करायला दोन तास गेले.

१४ जानेवारी

घोंगडी मागावरून उतरवली. दशांच्या, म्हणजे टोकांना सुट्या राहिलेल्या दोऱ्यांच्या, गाठी आजींनी मारल्या. खळीमुळे ती पुठ्ठ्यासारखी कडक होती. थंड पाण्यात भिजवून पायांनी हलके तुडवली, म्हणजे वीण दाटते. नोव्हेंबरातल्या अनुभवानंतर साबण आणि गरम पाणी दोन्ही टाळले. भिजलेली घोंगडी उचलायला आम्ही दोघे लागलो आणि ती वाळायला तीन दिवस लागले. ‘भिजत घोंगडे’ हा शब्दप्रयोग लहानपणापासून वापरत आलो, त्यामागचे वजन त्या दिवशी हातांना कळले. पिळायची नाही, बाजेवर पसरून पाणी आपोआप गळू द्यायचे.

१८ जानेवारी

वाळल्यावर लांबी ९ फूट १ इंच, रुंदी ४६ इंच, वजन १ किलो ९०० ग्रॅम भरले.

एकूण खर्च ८,०४० रुपये. त्यातला बहुतेक मागाचा आणि हत्यारांचा आहे, जो पुन्हा येणार नाही. दुसऱ्या घोंगडीला लोकर आणि चिंचोके मिळून पाचशेच्या आत भागेल. दिवसांचा हिशोब मात्र तसा नाही. दुरुस्त्या आणि पुन्हा केलेली कामे धरून पन्नासवर दिवस गेले आणि त्यांतले विणण्याचे सहा. अण्णा आपल्या उमेदीत दोन दिवसांत एक घोंगडी उतरवत, पण तेव्हा घरातल्या तीन बायका वर्षभर कातत असत, आणि बाजारात घोंगडीची किंमत ठरताना त्यांचे दिवस कोणी मोजत नसे. कांबळे विणणे १९८५ च्या कायद्याने हातमागासाठी राखून ठेवलेले आहे. कातणाऱ्या हातांच्या मजुरीचा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि माझ्या मते तो सुटल्याशिवाय गल्लीत दुसरा माग उभा राहणार नाही.

संध्याकाळी आजींनी घोंगडी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि एका टोकापासून बोटे फिरवत गेल्या. मधूनमधून त्या थांबत आणि ‘हे तुझं’ म्हणत. बाणा सगळाच माझा होता, तेव्हा त्या कोणत्या जागी थांबतात ते मी पाहू लागलो. त्या उभ्या दोऱ्यांवर थांबत होत्या. खळ काढताना तुटले नव्हते असे माझे काही दोरे ताण्यात राहून गेले होते आणि ते त्यांना बोटांनीच सापडत होते. असे अकरा दोरे त्यांनी दाखवले. त्यांतले दोन आत्ताच विरळ झाले आहेत. ते सुईने आजींच्या सुताचा जोडदोरा घालून पक्के करायचे आहेत. उरलेली एक किलो आठशे ग्रॅम पिंजलेली लोकर त्यांच्याकडे ठेवली आहे, आणि उद्यापासून रोज सकाळी दोन तास मी फक्त ताण्याचे सूत कातायला बसणार आहे.